बिजवाईचं मडकं

ही गोष्ट मी आजवर कुणाशी बोलले नाही. नवऱ्याशी नाही, बहिणीशी नाही, पोटच्या लेकाशी नाही. देवाशी तर मुळीच नाही — देवासमोर मी नेहमी घाईत असते, दोन फुलं वाहिली की निघाले. आता अठ्ठ्याहत्तर संपलं. नागपुरातल्या हुडकेश्वरच्या या घरात मला एक खोली आहे, खिडकीशी टेबल आहे, नातीनं आणून दिलेली वही आहे. सकाळपासून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. एकदा दूध बघायला, एकदा तुळशीला पाणी घालायला — जे सुनेनं आधीच घातलं होतं — आणि एकदा उगीच. आधीच सांगून ठेवते, मी वळसे घेणार आहे. पण पोचेन. आज पोचायचंच आहे.

तर आधी एका बाईची ओळख करून देते. वय तेवीस. सातवी पास — आणि गावात सातवी पास झालेली ती एकटीच बाई, हे ती दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायची. कुंकू बरोबर मधोमध यावं म्हणून आरशासमोर पाव तास उभी. भाकरी मात्र एका अंगानं कच्ची. तिच्या ताईला नागपुरात, महाल भागात दिलेलं. ताईकडे घरात नळ होता, विजेचा दिवा होता, रेडिओ होता. आणि हिच्याकडे — भिवापूरच्या पुढे दोन कोसांवर — नवरा होता. हे ती असंच म्हणायची, नळाच्या जागी नवरा, आणि विहिरीवरच्या बाया हसायच्या.

ही बाई म्हणजे मी. आज ती समोर आली तर तिचा कान पिळीन, आणि मग बहुतेक हसून सोडून देईन. मला ती आवडायची. हाच तर सगळा घोळ आहे.

नवऱ्याचं नाव मी हयातभर घेतलं नाही. उखाण्यातसुद्धा चलाखी करून टाळलं. इथे लिहिते — वामनराव. गावाला वामनभाऊ. बारा एकराचं काळं वावर, त्यात तीनेक एकर मिरची, बाकी जवारी आणि तूर. माणूस कसा होता? कसं सांगू — आमची पेरणी गावात सगळ्यांत शेवटी व्हायची, कारण आमची तिफण आधी ज्यांच्याकडे तिफण नव्हती त्यांच्या वावरात फिरून यायची. कुणाची बाई अडली की भिवापूरला न्यायला आमचेच बैल जुंपले जायचे. मला विषमज्वर झाला तेव्हा या माणसानं सव्वा महिना चूल सांभाळली, आणि गावभर चर्चा झाली ती माझ्या तापाची नव्हे — त्यांच्या भाकरीची. म्हणे वामनभाऊची भाकर वैनीपेक्षा गोल असते. मी बरी झाले ती निम्मी रागानं.

लेकाला अंगाखांद्यावर घेऊन वावरात जायचे. त्याला माती चाखायला द्यायचे. मी ओरडले की म्हणायचे, असू दे, ओळख होऊन राहिली त्याची. असा माणूस. अशा माणसाशी संसार करणं सोपं असतं असं वाटतं ना तुम्हाला? मला फार कठीण गेलं. सगळ्या गावाला पुरणारा माणूस आपल्याला पुरत नाही, अशी तक्रार कुणाकडे करायची?

आणि मग बिजवाई. म्हणजे बियाणं. इथून खरी गोष्ट सुरू होते, म्हणून मी पुन्हा एकदा उठून पाणी पिऊन आले.

आमच्या गावातल्या वीस-बावीस घरांचं मिरचीचं बी आमच्या घरातून जायचं. सासऱ्यांच्या वेळेपासूनची रीत. पीक लाल व्हायला लागलं की हे वावरभर फिरायचे, आणि जे झाड मनात भरेल त्याच्या फांदीला चिंधी बांधायचे. चिंधीच्या झाडाला कुणी हात लावायचा नाही. त्याची फळं झाडावरच पुरती पिकायची, मग घरातल्या माळ्यावर सावलीत वाळायची. बाकीची मिरची बाहेर सातऱ्यावर, म्हणजे उघड्या वाळवणावर, उन्हात पसरलेली — आणि या निवडक दोन टोपल्या आत, गारव्याला, नव्या सुनेसारख्या. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाली की त्या फोडायच्या, बी काढायचं, राखेत घोळवून मडक्यात भरायचं, तोंड शेणमातीनं लिंपायचं. मृगाच्या तोंडावर मडकं फुटलं की गाव दारात. ज्याला-त्याला मुठीनं बी.

बी फुकट. फक्त येणाऱ्यानं आपल्या चुलीची मूठभर राख आणायची, पुढच्या सालच्या मडक्यासाठी. सगळ्यांची राख एकत्र. हा नियम मात्र सासऱ्यांचा नव्हे, यांचा. आणि त्यात भागरथाच्या चुलीचीही राख असायची, म्हणून काही घरं धुसफुसायची.

भागरथा कोण, ते सांगते. गावाच्या उगवतीला बौद्धांची वस्ती होती, तिथली. दीक्षेच्या साली लेकीला कडेवर घेऊन नागपूरला जाऊन आलेली. नवरा गेलेला, दीड एकर वावर, आणि नजर — काय सांगू, अशी नजर मी नंतर सोनाराचीही पाहिली नाही. दोन मिरच्या शेजारी ठेवल्या, मला सारख्याच दिसायच्या. ती एक उचलून म्हणायची, हिचं बी पातळ आहे. फोडून पाहावं तर खरंच. हे चिंध्या बांधायला निघाले की भागरथाला सोबत घ्यायचे. ती बोट दाखवणार, हे चिंधी बांधणार. आखाजीनंतर बीही तीच काढायची, आमच्याच ओसरीवर बसून. त्याबदल्यात फोडलेल्या मिरच्यांची सालं तिची. गावातलं सगळ्यात लाल तिखट वर्षभर भागरथाच्या घरी असायचं, आणि तेही काहींना खुपायचं.

मला खुपायचं का? नाही. भागरथा मला आवडायची. तिच्याशी माझं गुळपीठ होतं. मला खुपायच्या त्या मिरच्या. हसू नका. मिरच्या वाळून होईपर्यंत, म्हणजे होळीपर्यंत, रोज संध्याकाळी हे माळ्यावर चढायचे, एकेक मिरची उलटीपालटी करायचे, डेखाला, म्हणजे देठाला, धरून कानाशी नेऊन हलवायचे — आत बी वाजतं का ते ऐकायला. मी खाली उभी, नवं लुगडं नेसून. कानाशी मिरची! तेवीस वर्षांच्या बायकोच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू येत नव्हत्या त्यांना. सवत असती तर निदान तिच्या झिंज्या तरी धरता आल्या असत्या.

साठ संपून सत्तर लागत होतं, त्या सालची ही गोष्ट. होळीला मी ताईकडे गेले होते. दरवर्षी आमच्याकडून तिला तिखट जायचं. त्या दिवशी जेवताना भाऊजींनी रस्सा ओरपला आणि म्हणाले, यंदा रंग नाही आला. ताई लगेच म्हणाली, तुमच्याकडची मिरची आता आधीसारखी राहिली नाही वं, पुढच्या वेळी इतवारीच्या बाजारातूनच आणते. बस, एवढंच. यात अपमान कुठे होता? आज शोधते तर सापडत नाही. पण मी परतीच्या बसमध्ये उमरेडपर्यंत रडले. माझ्याकडे नळ नव्हता, दिवा नव्हता, रेडिओ नव्हता. मिरची होती, आणि आता तीही गेली.

भाऊजी महिन्याभरानं कामानिमित्त भिवापूरला येणार होते. त्यांच्याहाती मी असं तिखट पाठवणार होते की महालातल्या त्या चार भिंती लाल व्हाव्यात.

आता तुम्हाला अंदाज आलाच असेल. येऊ दे. तरी मला ते माझ्या हातानं लिहायचं आहे.

भागरथा तेव्हा गावात नव्हती. तिची लेक नागपुरात दिलेली, तिचं पहिलं बाळंतपण. ती तीन आठवड्यांसाठी गेली होती. हे शेजारच्या विहिरीतला गाळ काढायला सकाळीच गेलेले — विहीर दुसऱ्याची, अर्थात. लेक झोपलेला. मी माळ्यावर चढले आणि दोन्ही टोपल्या खाली उतरवल्या.

मी चोर नव्हते, असं मला वाटत होतं. माझा हिशेब सरळ होता — यांना हवं बी, मला हवी सालं. सालं भागरथाची, तिला घरातलं साधं तिखट देऊ, तिला काय कमी पडतं? आणि बी तर काढायचंच आहे, आखाजीच्या आधी काढलं तर काय बिघडलं? उलट काम वाचलं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं त्या क्षणी. सातवी पास डोकं!

पण दोन टोपल्या मिरच्या एकेक करून फोडायच्या म्हणजे चार दिवसांचं काम, आणि भागरथासारखी चिकाटी माझ्यात कुठली? सावलीत वाळलेली मिरची चिवट असते, लवकर फुटत नाही. मग मी काय केलं? घरचं तिखट कुटताना जे दरवर्षी करते तेच केलं. कढई चुलीवर ठेवली, तेलाचा हात लावला, आणि घाण्याघाण्यानं मिरच्या भाजून घेतल्या. छान कुरकुरीत झाल्या. हातानं चुरल्या की बी आपोआप खाली. सुपात पाखडलं, चाळणीनं चाळलं — दुपार कलायच्या आत एकीकडे सालं, दुसरीकडे पिवळंधमक बी. घमेलंभर. खमंग वाससुद्धा येत होता त्याला.

खमंग वास येत होता, आणि मला काही वाटलं नाही. शेतकऱ्याची बायको! दुसऱ्या पिढीच्या बिजवाईवाल्याची बायको! भाजलेला दाणा उगवत नाही हे पोरासोरांना कळतं. मलाही कळत होतं की. पण त्या दुपारी ते बी मला बी दिसतच नव्हतं, तो माझ्या तिखटातला कचरा होता. मी राखेत घोळवलं, मडक्यात भरलं, तोंड लिंपलं, आणि मडकं जागेवर ठेवलं. गावाला ठसका लागला का? लागला असेल. आमच्या गावात मिरचीनं ठसका लागला तर कुणी मान वर करून पाहत नसे.

तिखट भाऊजींबरोबर गेलं. ताईचं पत्र आलं, रंग फार छान. ते पत्र मी चार दिवस चोळीत ठेवून हिंडले.

भागरथा आखाजीच्या सुमारास परत आली, ती नातवाच्या कौतुकात. मी तिला ओसरीवर बसवलं, चहा दिला आणि सांगितलं की बी मी काढून ठेवलं आहे. पण यांना सांगू नको. बिजवाईच्या मिरच्यांना मी तुझ्या माघारी हात लावला, सालं ताईला पाठवली, हे कळलं तर मला घरात उभं करणार नाहीत — हे मी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. खोटं पाणी नव्हतं ते, मला रडू लवकर यायचं. भाजल्याचं मात्र बोलले नाही. का नाही बोलले? त्या वेळी ते सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. निदान मी स्वतःला इतकी वर्षं हेच सांगत आले आहे. खरं असेलही.

भागरथानं मडक्याकडे पाहिलं. मग मी दिलेल्या साध्या तिखटाच्या पुडीकडे पाहिलं. तिच्या नजरेला रंग कळला नसेल असं कसं म्हणू? ती म्हणाली, "नाही सांगत, वैनी. मी काढलं म्हणीन." आणि यांनी विचारलं तेव्हा तिनं तसंच सांगितलं.

मृगाच्या तोंडावर मडकं फुटलं. गाव आलं, राख घेऊन आलं, मुठीमुठीनं बी घेऊन गेलं. हे त्या दिवशी फार खुशीत असायचे. प्रत्येकाला त्याच्या वावराची नाडी सांगायचे — तुझ्या कोपऱ्यात पाणी साचते, वाफा उंच कर. तू यंदा दाट टाकू नको. त्या दिवशी मी चहा करून थकले आणि मनात कुरकुरले. एवढंच आठवतं.

मिरचीचं बी आठ-दहा दिवसांत डोकं वर काढतं. आठ झाले. दहा झाले. हे रोज पहाटे उठून वाफ्याशी जाऊन बसायचे, वरचं गवत हळूच उचलून पाहायचे, परत झाकायचे. बाराव्या दिवशी पाच-सहा कोंब दिसले आणि ते हसत घरी आले. ते कोंब फार वाईट ठरले. त्यांच्या भरवशावर गाव आणखी चार दिवस थांबलं. मग यांनी एक दाणा नखानं उकरला, दोन बोटांत धरून फोडला. मी बाजूलाच होते. आत तांबूस पडलेलं. त्यांनी तो दाणा हातरुमालाच्या टोकात बांधून ठेवला, वैद्याला दाखवायला जपून ठेवावा तसा. आणि मला — मला त्या क्षणी कढई दिसली. तेल दिसलं. पायाखालची जमीन सरकते असं म्हणतात. माझी सरकली नाही. मी उभी राहिले आणि म्हणाले, चहा करू का?

संध्याकाळी भागरथा आली तेव्हा त्यांनी तिला एकच प्रश्न विचारला. आवाज न चढवता. "भागरथा, बी उन्हात तं नाही ठेवलं ना वं?" ती ओसरीच्या कडेला बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मेथी निवडत होते. मी मेथीच निवडत राहिले. "नाही जी, भाऊ," ती म्हणाली. त्यांनी पुढे विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं आमच्या अंगणात जमली. रागावलेली होती आणि रागावण्याचा त्यांना हक्क होता. पंधरा दिवस हातचे गेले होते. आता घरच्या तिखटाच्या मिरच्या फोडा, नाही तर भिवापूरकडून मिळेल ती रोपं आणा. लावणी उशिरा, पीक उशिरा, वर्ष लंगडं. सगळे बोलून दमल्यावर रामाजी, आमचा शेजारी — ज्याच्या विहिरीतला गाळ यांनी काढला होता — तो पुढे झाला. भागरथा अंगणाच्या टोकाला उभी होती. तिला कुणी बोलावलं होतं की ती आपणच आली होती, मला ठाऊक नाही.

"वामनभाऊ," रामाजी म्हणाला, "सगळ्याईची राख एका मडक्यात घालता. त्या वस्तीतला हात बिजवाईले लागते. आम्ही इतके साल बोललो नाही. आता पाहा काय झालं ते."

कुणी त्याला गप्प केलं नाही. दोघा-तिघांनी माना हलवल्या. मी उंबऱ्याच्या आत, दाराच्या फळीआड. तिथून अंगणात जायला दोन पायऱ्या. फक्त दोन. मी बाहेर येऊन म्हणायचं होतं, बी मी भाजलं. पाच शब्दसुद्धा नाहीत. माझ्या मनात तेव्हा काय चाललं होतं ते सांगू? माझ्या लुगड्याला शेणाचा डाग पडला होता. आणि एवढ्या माणसांत डागाचं लुगडं नेसून कसं जायचं — हे. खरं सांगते, हेच.

हे खाटेवरून उठले. "बी यंदा मी काढलं," ते म्हणाले. "माझ्याच्यानं उन्हात राहून गेलं. भागरथानं त्याले हातबी नाही लावला. ज्याले बोलाचं आहे त्यानं मले बोला."

आयुष्यात त्यांना खोटं बोलताना मी तेव्हा एकदाच पाहिलं. फार वाईट बोलले, मान खाली, कान लाल. पण गावानं मानलं, कारण वामनभाऊ खोटं बोलत नाही हे गावाला ठाऊक होतं. भागरथा म्हणाली, "भाऊ, पण—" त्यांनी हात वर केला. मग तिनं दाराकडे पाहिलं. फळीच्या फटीतून मी तिला दिसत असेन का? असेन. ती वळली आणि गेली. मला दिलेला शब्द राखून गेली.

पुढच्या वर्षी तिनं कळवलं की आता डोळ्यांनी दिसत नाही, मिरची निवडायला येणं जमणार नाही. त्याच आठवड्यात मी तिला दहा पावलांवरून सुईत दोरा ओवताना पाहिलं. यांनी एकट्यानं चिंध्या बांधल्या. बी स्वतः काढलं, मडकं भरलं, मृगाच्या आधी फोडलं आणि दारात बसले. चार जण आले. त्याच्या पुढल्या साली दोन. मग बाजारात पाकिटं मिळायला लागली, पाकिटावर लालभडक मिरचीचं चित्र, आणि दोघांपैकीही एक गेला. हे तरीही दरवर्षी मडकं भरायचे. तिफण तशीच आधी दुसऱ्यांच्या वावरात जायची. बैल तसेच कुणाच्याही बाळंतिणीसाठी जुंपले जायचे, रामाजीच्या सुनेसाठीसुद्धा. माणूस काही बदलला नाही. फक्त कुणाला वावराची नाडी सांगणं बंद केलं त्यांनी. कुणी विचारलंच तर म्हणायचे, तुले जास्त समजते गा, माझ्या हाताचं काही खरं नाही.

हे वाक्य मी वीसेक वर्षं ऐकलं. प्रत्येक वेळी सांगता आलं असतं. जेवताना, मिरचीला पाणी देताना, लेकाच्या लग्नात. मी काय केलं? मी चांगली बायको झाले. भाकरी गोल करायला शिकले. गावात लोक म्हणायला लागले की वैनी किती निवळली. मला वाटायचं, असं करत करत ते फिटेल.

मी पुन्हा उठून आले. खिडकीबाहेर कुणाची तरी गाडी लागत होती. काही नाही. शेवटचं राहिलं आहे.

एकोणीसशे नव्वदच्या पुढे यांची छाती बिघडली आणि लेकानं आम्हाला इथे आणलं. तेव्हा हुडकेश्वर म्हणजे शेतं आणि मधे मधे चार घरं. हे खाटेवरून खिडकीतून दुसऱ्यांची वावरं पाहायचे. भागरथा तोवर लेकीकडे राहायला आली होती, शहराच्या पार पलीकडच्या टोकाला. कुणाकडून तरी तिला कळलं. एका दुपारी दोन बस बदलून ती आली, डब्यात ज्वारीची आंबील घेऊन. यांच्या पायाशी बसली. दोघं तासभर बोलले — नातू किती शिकला, तिच्या दीड एकराचं काय झालं, त्या साली तुरीवर अळी कशी आली होती. मिरचीचं नाव कुणी घेतलं नाही. मी आत-बाहेर करत होते. मला बसवत नव्हतं. जाताना ती मला म्हणाली, "येतो, वैनी." तेवढंच. डोळ्यांत काही नव्हतं, ना राग ना काही. असतं तर बरं झालं असतं.

ती बाहेर पडली तसे हे म्हणाले, बस इथं. मी बसले.

"भागरथाच्या हातून त्या साली बी करपलं वं," ते म्हणाले. मधे मधे दम घेत होते. "तिनं उन्हात ठेवलं असन. लेकीच्या बाळंतपणात जीव होता तिचा. मले तवाच समजलं. पण तिचं नाव नाही येऊ देल्लं मी गावात. बरं केलं ना?"

म्हणजे इतकी वर्षं ते तसं समजून होते. भागरथानं चूक केली, त्यांना खोटं सांगितलं, आणि त्यांनी तिला माफ केलं — असं. आपल्या हाताचं काही खरं नाही असं ते गावाला सांगायचे, ते तिला झाकण्यासाठी. आणि तिला वाटत होतं, ती मला झाकते आहे.

खिडकीतून भागरथा दिसत होती. फाटकाशी वाकून चपलेचा निघालेला अंगठा बसवत होती. वीस पावलं असतील. एक हाक मारली असती तर ती वळली असती, आत आली असती, आणि दोघंही समोर असताना मी बोलले असते. तिला अंगठा बसवायला वेळ लागला. बराच वेळ लागला. मी पाहत होते.

मी म्हटलं, "हो जी. बरं केलं तुम्ही."

त्यांनी समाधानानं डोळे मिटले. भागरथा रस्त्याला लागली.

चौथ्या दिवशी हे गेले. दोन वर्षांनी भागरथा गेली. तिला पाहायला मी गेले नाही. दोन बस बदलाव्या लागतात, असं मी सुनेला सांगितलं.

भागरथानं बी उन्हात ठेवलं नव्हतं. तिनं ते काढलंही नव्हतं. ते मी कढईत भाजलं, सुपात पाखडलं, मडक्यात भरलं. वामनराव गेले तेव्हा त्यांच्या मनात चूक तिची होती, आणि मी त्यांच्या उशाशी बसून त्यांच्या कपाळावरून हात फिरवत होते.